निळा धूर

१९५८ साली बी.एस्सी. होऊन मी सिद्धगडाच्या पायथ्याशी एका कोळशाच्या ठेकेदाराकडे देखरेखीला लागलो. रसायनशास्त्र शिकलेला माणूस कोळसा वाढवील, अशी त्याची समजूत होती. माझीही होती.

तिथे कातकऱ्यांचे एकेक जोडपे एकेक भट्टी सांभाळी. लाकूड तोडायचे, रचायचे, पाला-मातीने लिंपायचे आणि आग घालायची. ज्याने आग घातली त्यानेच चार-पाच दिवसांनी लिंपणातली धुराची भोके बुजवायची, निवल्यावर भट्टी उघडायची, आणि तोवर जेवायचेही तिच्याजवळच, अशी त्यांची रीत. यात सुक्या सगळ्यांत तरबेज. दाट पांढरा धूर म्हणजे लाकडातले पाणी, पिवळट म्हणजे अजून कच्चे. विरळ निळा दिसला की लगेच भोके बुजवायची, नाहीतर आतला कोळसा जळून राख. हे त्यानेच मला शिकवले. मी घड्याळ लावून बारा भट्ट्या मोजल्या आणि आग घातल्यापासून निळ्या धुरापर्यंतची सरासरी काढली: एकशे दहा तास.

सरासरी हातात आली तसे मला त्यांचे धुराकडे बघत बसणे खुपू लागले. मी कामे वाटली. काहींनी फक्त तोडायचे, काहींनी वाहायचे, बायकांनी लिंपायचे. देवजी मुकादमाला घड्याळ दिले. एकशे दहा तास भरले की त्याने भोके बुजवायची. सुक्या अंगाने दणकट, म्हणून ओझ्यावर.

दुसऱ्याच दिवशी तो आला. “सायेब, एक भट्टी माझी मला ऱ्हाऊ द्या. ओझी वाहीन, वर ती बी करीन.”

“एकट्यासाठी वेगळा नियम कसा करू?”

“मंग उघडू तरी द्या. आत काय झालं ते बघीन.”

मी नाही म्हटले. त्याची बायको हौशी माती कालवताना शेजारणीला म्हणाली, “बरं झालं गो, माझी सवत गेली! आता तरी घरात जेवंल.”

महिन्याभरात तीन भट्ट्यांच्या वेळात चार निघू लागल्या. ठेकेदाराने माझी पाठ थोपटली.

मग एकदा मी कामासाठी मुरबाडला गेलो होतो. परतल्यावर एक भट्टी उघडली, तर आत नुसती राख. देवजीने घड्याळ पुढे केले. एकशे दहा तास बरोबर भरले होते.

“धूर निळा झाला नव्हता?” मी सुक्याला विचारले.

“झाला ना. परवा दुपारीच.”

“एवढ्या लवकर?”

“लाकूड उभं वाळलेलं व्हतं. खांद्यावर घेतलं तवाच हलकं लागलं.”

“मग देवजीला सांगायचं नाही?”

“धूर त्याचा, ओझं माझं. तुमीच वाटून दिलं ना?”

ठेकेदाराने चूक कोणाची ते विचारले. मी देवजीचे नाव सांगितले. देवजी त्याच दिवशी कामावरून गेला, घड्याळ माझ्याकडे परत आले.

हंगामाच्या शेवटच्या भट्टीला मी सुक्याला बोलावले. “ही तुझी. तूच आग घाल, तूच उघड.” त्याने निमूट आग घातली आणि जेवायला घरी गेला. रोजच गेला.

पाचव्या दिवशी सकाळी धूर विरळ होत होत निळसर झाला. सुक्या भट्टीकडे पाठ करून बसला होता.

“सुक्या, धूर बघ.”

त्याने मान वळवली नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, “किती वाजता बुजवू, सायेब?”