शेवटची अकरा पानं

शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांसमोर मी न अडखळता धडा वाचला, त्या दिवसापासून मी कुणाला भीत नाही. आता शाळेतून आले की घरापुढच्या सपरीत बिड्या वळत बसलेल्या बाया मला दप्तरही उतरवू देत नाहीत, पुस्तक काढ म्हणतात. माय, अनुसयाकाकू आणि शामकलामावशी. तिघींनाही अक्षर ओळखू येत नाही, पण डिटेक्टिव्ह दिगंबरपंतांचं नाव निघालं की बोटं दुप्पट चालतात.

पंतांच्या सोळा कादंबऱ्या मी त्यांना वाचून दाखवल्या. सतरावी हाती देताना शाळेतल्या बाईंनी सांगितलं, लेखक मागच्या हिवाळ्यात वारले, ही शेवटची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अकरा पानं उरली तेव्हा तर मी ठरवूनच टाकलं, पुस्तक संपू द्यायचं नाही.

मग मी पुस्तक समोर धरून मनचंच वाचू लागले. खुनी सापडत आला की मी त्याला पळवायचे. सहा दिवसांत मी पंतांना पुण्याहून गोंदियाला, तिथून छोट्या गाडीनं अर्जुनीला आणि बैलगाडीनं आमच्या नवेगावच्या बांधावर आणलं. अधूनमधून बोट ओलं करून पान उलटायचे, एवढी अक्कल मला आहे. सातव्या दिवशी पंत एका झोपडीत दबा धरून बसले. वेळ जाईना, म्हणून त्यांनी तेंदूची पानं भिजवली, कैचीनं कापली आणि खुन्याची वाट बघत बिड्यांचा एक कट्टा बांधला.

अनुसयाकाकूंचे हात थांबले.

"काऊन वं पोरी, सोळा पुस्तकं झाले, तुझ्या पंतानं बिडी ओढली नाही. आता वळून राहिला?"

ते हुशार आहेत, पाहून शिकले, असं मी सांगितलं.

"पानं किती येळ भिजवाचे, हे बी पुन्याच्या पुस्तकात लिवलं हाये का?" शामकलामावशी म्हणाली.

मी मायकडे पाहिलं. ती दोऱ्याची गाठ मारत हसत होती. पंत अर्जुनीच्या बाजारात मुरमुरे खायला लागले तेव्हाच म्हणे तिघींना कळलं होतं. मग बोलल्या का नाहीत, तर बरं चाललं होतं, कायले अडवाचं. पण आता खरं वाच, असा काकूंचा हुकूम झाला.

वाचलं. तीन पानांत पंतांनी खुनी पकडला. उरलेल्या आठांत त्यांनी पिस्तूल विहिरीत टाकलं, लग्न केलं आणि पेन्शन घेऊन घरी बसले. मी रडायची तयारी करून बसले होते, पण आला तो रागच.

"दमला असंल बिचारा," माय म्हणाली. ती लेखकाबद्दल बोलत होती.

मग मावशीनं सूप झटकलं.

"लगीन झालं त झालं. उद्या त्याले परत नवेगावले आन."

आणणारच आहे. फक्त या वेळी पंतांचा कट्टा बिड्या तपासून घेणारा कारखान्यातला मुनीम नापास करणार. शिकाऊ माणसाच्या पहिल्याच दिवशी सगळ्या बिड्या बऱ्या निघाल्या, हे काकू मुळीच ऐकून घेणार नाहीत.