चार आकड्यांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते की मी चिडलेली आहे. तुम्ही वाचलेल्या जुन्या वस्तू बहुधा शांत असतात. कोपऱ्यात पडून गतकाळ आठवतात आणि सगळ्यांना माफ करतात. मला ते जमत नाही. मी बाथरूममध्ये बेसिनच्या बाजूला राहते. मला चार गोल भोकं आहेत आणि प्रत्येक भोकापुढे एक आकडा कोरलेला आहे, एक ते चार. त्या आकड्यांनी जो घोटाळा केला तो मी अकरा दिवस उघड्या डोळ्यांनी पाहिला. म्हणजे डोळे मला नाहीत, पण पाहिला. तोंडही नाही, म्हणून बोलता आलं नाही.

मला एका सुतारानं घडवलं. पॉलिश आणि सरस यांनी त्याच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. तो एका त्वचारोगाच्या दवाखान्यात जायचा. तिथे डॉक्टर रोग्याला दोन मिनिटं देत आणि उरलेलं सगळं नर्सबाईंवर सोडत. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणेन.

दोन महिने झाले तरी हात बरे होईनात, तेव्हा सुतार बाईंशी भांडायला आला. “बाई, तुमच्या औषधाला काही गुण नाही.”

“आधी काय लावता?”

“ते घट्ट मलम. लावलं की लगेच बरं वाटतं.”

“आणि पातळ औषध?”

“त्याच्यावर.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “दाराला आधी पॉलिश मारता आणि मग रंधा फिरवता का हो?”

सुतार आधी ओशाळला, मग खो खो हसला. पंधरा दिवसांनी तो बरे झालेले हात दाखवायला आला, तेव्हा काखेत मी होते. सागाच्या उरलेल्या तुकड्यातून त्यानं मला कापलं होतं, कडा घासून मऊ केल्या होत्या. “माझ्यासारखे गाढव अजून येतील,” तो म्हणाला. “त्यांना यावर मांडून दाखवा.”

गाढवं पुष्कळ आली. बाई माझ्यावर बाटल्या मांडत आणि प्रत्येकाला तेच सांगत. चेहरा धुवा, टिपून घ्या, घासू नका. मग पातळ ते आधी, जाड ते नंतर. औषध कातडीला लागलं पाहिजे, क्रीमच्या थराला नाही. दिवसा बाहेर पडणार असाल तर उन्हाचं क्रीम सगळ्यांच्या शेवटी. आणि दोन बाटल्यांच्या मध्ये जरा थांबा. या थांबण्यावर सगळ्यांचं घोडं अडायचं. एक ट्रकचालक म्हणाला, “चारही एकदम कालवून फासलं तर नाही चालणार?” एका शिक्षिकेनं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि महिन्यानं उलट्या क्रमानं लावून परत आली, कारण तिनं वही शेवटच्या पानावरून उघडली होती. बाई कपाळाला हात लावत, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगत. गाल निवळलेली एक मुलगी तर जाताना म्हणाली, “या फळीचा फोटो काढू का?” त्या दिवशी मी फुगून दरवाज्याएवढी झाले होते.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यात काचेची मांडणी आली आणि मी त्यांच्या पिशवीतून घरी गेले. घरी माझी किंमत कुणाला? एक नंबरात दात घासायचे ब्रश, दोनात मोडका कंगवा, तीन नंबरात कधी काळी बटणं. साबणाचं पाणी सुकून माझ्या आकड्यांत पांढरी खपली बसली. बरीच वर्षं अशी गेली. तक्रार नाही. मी ज्यावर चिडले आहे ते हे नव्हे.

मग बाई आजारी पडल्या. आजार आतला होता, पण त्याच्या औषधांनी त्यांची कातडी कोरडी ठणठणीत केली. चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर लाल चट्टे उठले. खाज अशी सुटायची की त्या झोपेतही ओरबाडत, आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसत. त्यांच्या जुन्या दवाखान्यातूनच चार वस्तू आल्या: पाण्यासारखं पातळ सीरम, औषधाची ट्यूब, ओलावा धरणारं क्रीम आणि उन्हाचं क्रीम, कारण बाईंना सकाळी गॅलरीत बसायला लागे. बाईंनी ब्रश, कंगवा, बटणं काढून टाकली, मला घासून धुतलं आणि चौघांना आपापल्या जागी बसवलं. पण झाकणं उघडायला बोटांत जोर उरला नव्हता.

म्हणून दुसऱ्या शहरातून त्यांची लेक आली. लेक पुलांचे आराखडे तपासण्याचं काम करते. एक आकडा चुकला तर पूल चुकतो, असं ती म्हणते. आकड्यांवर तिचा भारी विश्वास. स्वतःच्या चेहऱ्याकडे मात्र तिचं लक्ष शून्य. साबणानं धुतला, टॉवेलनं खसाखसा पुसला, की निघाली. पहिले तीन दिवस बाई स्वतः एकेक बाटली उचलून तिच्या हातात देत आणि सूचना करत.

“अगं, घासू नकोस. मी काय भांडं आहे?”

“बरं.”

“वरच्या दिशेनं. आणि एवढं नको, मसुराच्या दाण्याएवढं. थांब, अजून मुरलं नाही. कानामागे राहिलं बघ.”

चौथ्या दिवशी लेकीनं ट्यूब बेसिनवर आपटली. “आई, आयुष्यभर चुका काढल्यास. अक्षर, केस, नवरा, सगळं चुकीचं. आता हेही? एक शब्द बोलू नकोस. मी फळीवरचे आकडे बघून करते. नाहीतर उद्यापासून पगारी आया लावते, काढ तिच्या चुका.”

बाई गप्प झाल्या. मी पहिल्यांदाच त्यांना एवढं गप्प पाहिलं.

आणि नेमकी त्याच दुपारी मावशी आली. बाईंची धाकटी बहीण. स्वभावानं लोण्यासारखी, पण टापटिपीचं वेड असं की दुसऱ्याच्या घरातल्या चपलाही सरळ लावल्याशिवाय तिला चहा उतरत नाही. तिनं बेसिन घासलं, आरसा पुसला, मग बाटल्या काढून मला फडक्यानं लख्ख केलं आणि बाटल्या परत ठेवल्या. उंचीप्रमाणे. सगळ्यांत उंच क्रीमची बाटली एक नंबरात, तिच्याहून ठेंगणं उन्हाचं क्रीम दोनात, मग सीरम, आणि बुटकी औषधाची ट्यूब चौथ्या भोकात डोक्यावर उभी. दोन पावलं मागे सरकून ती म्हणाली, “आता कसं, डोळ्यांना बरं वाटतं!”

मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपायही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं आकडे बघितले. चारही बाटल्या एकाच कंपनीच्या, पांढऱ्या, अक्षरं मुंगीएवढी, आणि आतापर्यंत बाईच हातात देत, म्हणून तिनं त्या कधी निरखल्याच नव्हत्या. एक, दोन, तीन, चार. तिनं किती नीट केलं म्हणून सांगू! टिपून घेतलं, घासलं नाही. मसुराएवढं घेतलं. कानामागे लावलं. पण आधी जाड क्रीम, त्यावर उन्हाचं, मग त्यावर पाण्यासारखं सीरम, जे ओघळून मानेपर्यंत आलं, आणि शेवटी औषध, ज्याला कातडी दिसलीसुद्धा नाही. चुकीचं काम इतक्या मनापासून केलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं. त्यातून ते माझ्या नावावर! कोणी विचारलं असतं तर तिनं माझ्याकडेच बोट दाखवलं असतं. मला फक्त भोकं आहेत हो. त्यांत कोण येऊन उभं राहावं हे काही माझ्या हातात नाही.

मी बाईंकडे पाहत होते. त्यांना कळणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर हेच शिकवण्यात गेली होती. पहिला थर गालावर टेकला तेव्हा त्यांच्या भुवया हलल्या. ओठ उघडले, आणि परत मिटले.

बोला, बाई! एकदा बोला!

नाही बोलल्या. दुसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. चट्टे वाढले. मानेवर कातडी तडकली. त्या गॅलरीत बसून चमच्याच्या दांड्यानं हात खाजवत, आणि लेक आली की चमचा शालीखाली सारत. लेक विचारी, “आई, फरक वाटतोय ना?” बाई म्हणत, “वाटतो की. वेळ लागतो याला.” लेकीला ते खरं वाटे आणि ती आणखी जपून, आणखी हळू हातानं तेच चुकीचं करी. मी भोकापर्यंत तडकायची राहिले. एकदा वाटलं, आपणच बेसिनवरून खाली पडावं, निदान बाटल्या तरी विखुरतील. पण आपल्या जागेवरून हलणं मला कुठलं जमतंय?

बाराव्या दिवशी दवाखान्यातली एक नर्स रक्त घ्यायला घरी आली. बाईंनीच तिला तयार केलेलं. हात धुवायला ती बेसिनपाशी आली आणि साबण हातातच राहिला.

“ताई, हा क्रम कुणी लावला?”

“कसला क्रम?” लेक दारातून म्हणाली. “आकड्यांप्रमाणे आहे.”

“अहो, औषध चौथं? एवढ्या थरांवर? बाईंनी चालवून कसं घेतलं? आम्ही तर पुढची बाटली दोन मिनिटं आधी उचलली तरी ओरडायच्या.”

ती गेल्यावर लेक बाईंना बाथरूममध्ये घेऊन आली. स्टुलावर बसवलं. स्वतः समोर बादली पालथी घालून बसली.

“आई, तुला कळत होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

बाईंनी शालीची कड नीट केली. “बोलले असते तर तू आया ठेवली असतीस.”

“अगं, मी रागात म्हटलं होतं ते!”

“रागात म्हटलेलं तू करतेस. शाळेपासून करतेस.” मग त्या म्हणाल्या, “आया चांगलीच लावली असती. बरोबर क्रमानं. पण मला आया नको होती.”

लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठली, नळ सोडला, बाईंचा चेहरा कोमट पाण्यानं धुतला, सगळे थर उतरेपर्यंत. टिपून घेतला. स्वतःचा मात्र तसाच ओला ठेवला.

“काढ आता चुका,” ती म्हणाली.

“सगळ्या?”

“याच्यापुरत्या.”

“मग आधी नखं काप. किती दिवस टोचतायत.”

दुपारी लेकीनं आराखड्यांचं बारीक टोकाचं पेन आणलं आणि माझ्या प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहिलं: सीरम, औषध, क्रीम, ऊन. सुबक, सरळ अक्षरांत. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “अक्षर तसं वाईट नाही तुझं.” मावशीला यातलं काही सांगायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. “तिनं एवढं पुसून ठेवलं. उगाच मनाला लावून घेईल.”

त्यानंतरच्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत गोंगाटाच्या. थांब, मुरू दे, कोपर राहिलं, तू ऐकत नाहीस, ऐकतेय गं, मग अशी का करतेस. दोन बाटल्यांच्या मधल्या त्या थांबण्यात मायलेकी इतकं भांडल्या आणि इतकं हसल्या की शेजारीण एकदा दार वाजवून गेली. तीन आठवड्यांत चट्टे फिके पडले. अभ्रा स्वच्छ राहू लागला. आतल्या आजाराला मात्र माझ्यावरच्या बाटल्यांचं काही घेणंदेणं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बाईंचा आवाज गेला. लेकीनं घाईत क्रीमला हात घातला, तर त्यांनी पांघरुणावरून एक बोट वर केलं. लेक थांबली. बोट खाली आल्यावरच तिनं झाकण उघडलं.

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल.

लेक मला आपल्या घरी घेऊन आली आहे. चारही बाटल्या अजून माझ्यावर आहेत, अर्ध्यामुर्ध्या. सगळ्यांची मुदत संपली आहे. सीरम पिवळं पडलंय, क्रीमला वास येतो. परवा मावशी आली होती. “अगं, तारीख उलटून गेली की यांची,” ती म्हणाली. “माहीत आहे,” लेक म्हणाली, आणि मावशीनं उचललेली बाटली तिच्या हातातून घेऊन परत तिच्या नावापुढे ठेवली. पुलातला केसाएवढा फरक जिच्या नजरेतून सुटत नाही, ती रोज सकाळी या चार तारखांसमोर उभी राहून दात घासते. तिच्या स्वतःच्या गालांवर थंडीनं भेगा पडल्यात. मी पाहते आणि जळते. बाई असत्या तर चारही बाटल्या केव्हाच कचऱ्यात गेल्या असत्या, आणि लेकीला याच आरशासमोर धरून उभं केलं असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझ्यावरचं शिळं फेकून द्या, ताजं आणा आणि आपल्या कातडीला नीट क्रमानं लावा. एवढं तुम्हाला कोणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळं. तुमच्या घरात सतत चुका काढणारं कुणी असेल, तर त्याच्यावर चिडा, भांडा, हवं तर दार आपटून बाहेर जा. पण त्याला गप्प बसायला लावू नका. माणूस एकदा गप्प बसलं की त्याचं काय दुखतंय हे घरात फक्त लाकडाला कळतं, आणि लाकडाला काहीच करता येत नाही.