भरदुपारची आरती

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. आहे ती एक जीभ, आणि तीही दुसऱ्या कुणी दोरी ओढली तरच हलते. मी सावरघरच्या ग्रामपंचायतीच्या दारातली जुनी घंटा आहे. टिटवाळ्याच्या अलीकडे, काळू नदीच्या काठाला हे आमचं लहानसं गाव. माझी कथा ऐकायला तुम्ही बसलात, देव तुमचं भलं करो.

माझा जन्म कल्याणच्या एका ओतारी आळीत झाला. ओतारी धातूचा रस साच्यात ओतताना मनात रामनाम घेत असे, म्हणून माझ्या आवाजाला गोडवा आला, असं लोक म्हणत. पुष्कळ वर्षं मी सावरघरच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात सेवा केली. काकडआरती, नैवेद्य, सांजआरती. दुपारी नैवेद्य झाला की त्र्यंबकबुवा गुरव गाभाऱ्याचं दार लोटून घेत आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना सांगत, "देव निजलाय." मग सांजेपर्यंत देवळात कुणी मोठ्यानं खोकतसुद्धा नसे. त्या वेळी मला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पुढे एका भाविकानं देवाला माझ्याहून मोठी, नवी घंटा वाहिली आणि मी कोपऱ्यात गेले. त्याच सुमाराला, म्हणजे स्वराज्य आल्यानंतर दीडदोन वर्षांत, गावात पंचायत आली. कचेरीला जागा नव्हती. देवळाला लागून एक धर्मशाळा होती, तीच झाडून पुसून कचेरी केली. हरिहरपंत लेले पहिले सरपंच झाले. हा माणूस शिकलेला, तोंडानं जरा फटकळ, देवाधर्मात फारसा नसलेला, पण गावासाठी जीव टाकणारा. त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं, "नदीकाठची खालची आळी दर दोनतीन पावसाळ्यांनी बुडते. नदी चढतेय हे वर गावाला कळेस्तोवर उशीर होतो. कचेरीच्या दारात एक घंटा हवी. पूर आला, आग लागली, तरच वाजवायची. वाजली की बाप्यांनी हातातलं काम टाकून यायचं."

अशी मी पुन्हा टांगली गेले. मला केवढा आनंद झाला.

पण मित्रांनो, आमची माणसं पडली भोळी. देवळाची धर्मशाळा, दारात घंटा. सवय कशी जाणार? दिव्याच्या खांबासाठी अर्ज घेऊन येणारा माणूस पायरीशी वहाणा काढी, मला एक टोला देई, छातीला हात लावी आणि मग आत जाई. एका म्हातारीनं तर पंतांच्या टेबलावर नारळ आणि फूल ठेवलं. पंत म्हणाले, "आजी, मी सरपंच आहे." ती म्हणाली, "असू दे रे बाबा, कोणतरी हायेस ना."

आळीच्या विहिरीला कठडा बांधायचा की स्टेशनच्या वाटेला खडी टाकायची, यावर भांडणारे सभासदसुद्धा आत शिरताना मला वाजवून शिरत. भांडून बाहेर पडताना पुन्हा वाजवत.

सगळ्यांत नेमाची होती ती खालच्या आळीतली रंगूबाई. रोज पहाटे नदीवर आंघोळ करून ओलेत्यानं वर येई, मला एकच टोला देई आणि तोवर तोंडातून शब्द काढत नसे. तिच्या मुलाला बरीच वर्षं मूल नव्हतं, त्यासाठी धरलेला हा नेम. तिचा हात दोरीला लागला की माझंही अंग पवित्र होई.

पंतांनी माझ्याखाली पाटी लावली, 'विनाकारण घंटा वाजवू नये.' लोकांनी पाटी वाचली आणि घंटा वाजवून आत गेले.

शेवटी त्यांनी सभेत ठराव आणायचं ठरवलं. तेव्हा त्र्यंबकबुवा उभे राहिले. "पंत, इतकी वर्षं ही देवाची घंटा होती. तिच्या तोंडाला बोळा कोंबता?"

"बुवा, उद्या खरंच पूर आला तर कोण धावेल? सगळे म्हणतील, कोणीतरी अर्ज घेऊन आला."

"देव बघून घेईल."

"देव तुमचा दुपारचा निजतो," पंत म्हणाले. "पूर दुपारी आला तर?"

बुवांचा चेहरा पडला. ते उठून गेले आणि त्यांच्या मागोमाग अर्धे सभासदही गेले. जाताना मला टोले देऊनच गेले. ठराव बारगळला आणि त्या दिवसापासून पंत नि बुवा एकमेकांशी बोलेनासे झाले. दोघांत भिंत एकच, एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला पंचायत.

मग तो श्रावण आला. चोपन्न साल होतं. जिवतीचा शुक्रवार. लेकुरवाळ्या बायकांचा हा मोठा दिवस. घरोघर जिवतीची पूजा, मुलांना ओवाळणं, आणि दुपारी देवळामागच्या ओवरीत हळदीकुंकू. रंगूबाईचा नेम फळाला आला होता. तिच्या सुनेला, शालूला, नुकताच मुलगा झाला होता. बारसं झालं होतं, पण सव्वा महिना व्हायचा होता, म्हणून शालूनं उंबरा ओलांडायचा नव्हता. शालूचा नवरा दौलत कामावर कल्याणला. रंगूबाई सुनेला बजावून वर आली होती, "मी येईस्तोवर दाराबाहेर पाय टाकू नको. कोणी बोलावलं तरी नाय."

लख्ख ऊन पडलं होतं. सकाळपासून गावात थेंब नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्या सवाष्णींनी मला सकाळपासून इतकं वाजवलं होतं, की माझी जीभ थरथरत होती. नैवेद्य झाला, बुवांनी दार लोटलं, देव निजला.

थोड्या वेळानं स्टेशनवरचा हमाल धावत आला. मास्तरांकडे तार आली होती. वर मुरबाडच्या बाजूला, घाटात, रात्रीपासून कोसळत होतं, आणि काळू नदी दोन्ही काठ सोडून खाली येत होती. निरोप देऊन हमाल तसाच पुढच्या गावाकडे पळाला. पंत खुर्चीवरून ताडकन उठले. शिपाई सहदेवला म्हणाले, "तू खाली पळ. आळी रिकामी कर. मी माणसं पाठवतो." आणि त्यांनी स्वतः माझी दोरी धरली.

मित्रांनो, पंतांचा हात मला तेव्हा पहिल्यांदा लागला. मी जीव तोडून वाजू लागले. ठण ठण ठण ठण.

समोरच्या ओटीवर पान लावत बसलेले नाथा सुतार हसले. शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, पंतांनाही देव आठवला."

"जिवतीचा शुक्रवार हाय. बायकोनं पाठवलं असंल."

"वाजवू दे. इतक्या वर्षांचं राहिलंय."

पंत वाजवत राहिले. वाजवता वाजवता ओरडायला गेले, तर धाप लागून घशातून नीट शब्द फुटेना. "पाणी... पाणी..." वाटेनं जाणारी गोदूबाई थबकली. लगबगीनं घरात गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली. "घ्या पंत. उन्हाचं इतकं वाजवावं का माणसानं?"

"प्यायचं नव्हे गं बाई, नदीचं."

गोदूबाईनं वर आभाळाकडे पाहिलं. निळंभोर आभाळ. मग पंतांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बसा जरा सावलीला."

खाली ओहोळात पाणी शिरू लागलं होतं. खालची आळी आणि गाव यांच्या मधून हा ओहोळ जातो. तो भरला की आळीचं बेट होतं. सहदेवनं म्हाताऱ्यांना आणि पोरांना हाताला धरून पलीकडे काढलं होतं. पण शालूनं दाराला आतून कडी घातली होती. सहदेव बाहेरून विनवत होता आणि ती आतून म्हणत होती, "आत्याबाईंनी सांगितलंय. त्या आल्याबिगर मी उंबरा ओलांडायची नाय." हे मी पाहिलं नाही, पुढे शालूच्या तोंडून ऐकलं. मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की मी ओरडतेय आणि कोणी येत नाही. माझा आवाज सगळ्यांच्या कानांवर पडत होता, पण ऐकत कोणीच नव्हतं.

इतक्यात भिंतीपलीकडून त्र्यंबकबुवा आले. झोपमोड झालेली, डोळे लाल. "पंत, देव निजलाय. सूड उगवता काय?"

पंतांनी दोरी सोडली नाही. हाताला फोड आले होते. ते म्हणाले, "बुवा, नदी येतेय. तार आलीय. दौलतची बायको पोर घेऊन खाली आहे. कोणी हलत नाही हो."

बुवा क्षणभर उभे राहिले. त्यांनी ओटीवरच्या पान खाणाऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गाभाऱ्याच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. तिकडे वळून त्यांनी हात जोडले. ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

"सोडा," ते पंतांना म्हणाले. "असं वाजवून आमची माणसं यायची नाहीत."

त्यांनी दोरी हातात घेतली आणि सांजआरतीचा ठेका धरला. दोन टोले लांब, तीन जवळजवळ. दोन लांब, तीन जवळ. ज्या ठेक्यावर सारं गाव रोज दिवेलागणीला हात जोडतं, तोच ठेका, भरदुपारी, देव निजलेला असताना.

नाथा सुतारांच्या हातातलं पान खाली पडलं.

बायका ओवरीतून उठल्या. दारं उघडली. जेवत असलेले उष्ट्या हातांनी बाहेर आले. "बुवांना वेड लागलं काय?" "देवाला दुपारचं उठवतात?" "गावावर कोप व्हायचा." बघता बघता सारं गाव माझ्यासमोर जमलं, सगळे संतापलेले. सगळ्यांत पुढे रंगूबाई होती. कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट, पदरात चणे.

"बुवा, आजच्या दिवशी? पोराबाळांचा वार हाय, काय केलंत हे?"

बुवांनी दोरी सोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता. "देवाला मी उठवलाय. त्याचं काय असेल ते मी बघेन. तुम्ही खाली पळा. ओहोळ भरतोय. रंगूबाई, तुझी सून आत आहे."

रंगूबाईच्या पदरातले चणे पायरीवर सांडले. ती अशी धावली, की बाप्ये मागे पडले.

ओहोळात पाणी कमरेला लागलं होतं आणि ओढ जबर होती. बाप्यांनी हातांत हात गुंफून साखळी केली. पण ओल्या बाळंतिणीला त्या पाण्यातून चालवणार कसं? पंत ओरडले, "माझी खुर्ची आणा." पंचायतीत खुर्ची अशी ती एकच. चौघांनी ती खांद्यावर घेतली.

शालूनं सासूचा आवाज ऐकून कडी काढली. पाणी घरात आलं होतं. तोवर ती पोराला छातीशी धरून चुलीच्या ओट्यावर उभी होती. तरी उंबऱ्याशी पाय अडला.

"आत्याबाई, सव्वा महिना नाय झाला."

"तिकडं देव उठून बसलाय," रंगूबाई म्हणाली. "तू काय घेऊन बसलीस? चल."

शालू खुर्चीत बसली. खांद्यांवरून ओहोळ पार झाला. मधे एकाचा पाय सरकला आणि खुर्ची वाकडी झाली, तेव्हा काठावरच्या बायकांनी डोळे मिटून घेतले. पण साखळी तुटली नाही. पोर त्या वेळी गाढ झोपलेलं होतं म्हणतात. काठाला लागल्यावर सहदेव धापा टाकत म्हणाला, "सरपंचाच्या खुर्चीत बसलेली ही पहिलीच बाई." कोणी हसलं नाही. मग रंगूबाईच हसली आणि हसता हसता रडू लागली.

संध्याकाळपर्यंत खालच्या आळीतल्या भिंती एकामागून एक बसल्या. शालूचं घर गेलं. माणूस एकही गेलं नाही.

पण त्र्यंबकबुवांच्या मनाला शांती नव्हती. दिवेलागण झाली तरी ते आरतीला उठेनात. गाभाऱ्याच्या दाराशी भिंतीला टेकून बसले. गावातले काही जुने लोक कुजबुजत होते, प्रायश्चित्त घ्यायला हवं. हरिहरपंत, जे कधी देवळाची पायरी चढले नव्हते, ते आत गेले आणि बुवांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बुवा, त्या दिवशी सभेत मी बोललो ते चुकलं."

"चुकलं कुठं? पूर दुपारीच आला."

"हो, पण तुमचा देव निजलेला नव्हता."

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बुवा उठले आणि दार उघडलं. त्या सांजेला आरती उशिरा झाली, पण खालची आळी, वरची आळी, सगळं गाव सभामंडपात उभं होतं.

पंतांनी माझ्याबद्दलचा ठराव पुन्हा आणला नाही. आणावा लागलाच नाही. दुसऱ्या पहाटे रंगूबाई आली. नदी गढूळ होती, म्हणून विहिरीवरच आंघोळ केली होती. तिनं दोरी हातात घेतली. मी सवयीनं टोल्याची वाट पाहू लागले. तिनं दोरी कपाळाला लावली, अलगद सोडली आणि गेली. मागून अर्ज घेऊन येणाऱ्यानं ते पाहिलं, त्यानंही तसंच केलं. त्यानंतर कोणाच्या सांगण्याशिवाय गावात तीच रीत पडली.

पुढे पंचायतीनं खालच्या आळीला टेकाडावर जागा दिली. त्यावरही भांडणं झाली, एक निवडणूक झाली, एक सरपंच पडला, पण जागा मिळाली. आता स्टेशनच्या वाटेला पंचायतीची पक्की कचेरी बांधायला घेतली आहे. मला तिकडे न्यायची की मोडीत घालायची, यावर सभेत बोलणी चालतात. माझ्या अंगावर हिरवट कळा चढली आहे आणि दोरी काळी झाली आहे. कोणी पुसायला येत नाही, याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पूर्वी दिवसभर हातांचा स्पर्श होई. आता आठवडेच्या आठवडे मी एक शब्द बोलत नाही. एकाकीपणा येतो. पण मागच्या उन्हाळ्यात एका गंजीला आग लागली आणि सहदेवनं दोरी ओढली, तेव्हा पहिल्या टोल्यालाच सारी दारं उघडली. त्या दिवशी मला माझ्या गप्प राहण्याचा अर्थ कळला.

मित्रांनो, जे सगळ्यांसाठी टांगलेलं असतं, ते सवयीनं झिजवू नका. माझ्याजवळून जाताना वाटलं तर दोरीला हात लावा, कपाळ टेका, मला बरं वाटेल. ओढू मात्र नका. आणि ओढायची वेळ आली, तर देव निजला आहे की जागा, हे विचारत बसू नका.