बिनऑपरेशनचा पाय

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही," अन् मी लेकीचा हातच घट्ट धरला. आमच्या मुखेडकडं डॉक्टर असं कधी म्हणतेत, सांगा बरं? एक तर माणूस धडधाकट असतो, न्हाईतर हाताबाहेर गेलेला. अन् माझी पुनम तर समोर पाय सुजवून बसलेली. धडधाकट कुठली!

पोलीस भरतीसाठी पोर रोज पहाटे पळायची. बांधावरून उतरताना पाय मुरगळला. करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडंचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरनं फोटो दाखवला. "हाड जागेवर आहे. हा आधाराचा बूट घालायचा, सोसेल तेवढा पाय टेकायचा, चालायचं. आपोआप जुळेल."

मोडक्या पायावर चालायचं! मला वाटलं, ह्या माणसानं हात टेकले अन् आपल्याला गोड बोलून घरी धाडून राहिला.

घरी पाय बघायला माणसांची रीघ. हातात बिस्किटाचा पुडा अन् तोंडात एकेक किस्सा. शेजारची गुरम्मा म्हणाली, "देगलूरच्या माझ्या भाच्याला बी असंच घरी धाडलं होतं. पाय काळा पडला. कापावा लागला." एवढं बोलून बया चहा पिऊन गेली. तवापासून घडीघडी पुनमच्या बोटांचा रंग बघायची मी.

टेकू दिलाच न्हाई तिला पाय. बाजेवरून उतरली की माझी बोंब, "उचल, उचल! मोडंल! जन्माची लंगडी होशील. भरती तर गेलीच, सोयरीक बी येणार न्हाई!" मोरीपर्यंत मी अन् तिचा बाप तिला बगलंत धरून न्यायचो.

"अगं, डॉक्टर टेक म्हणले न?" तिचा बाप म्हणायचा.

"तुम्ही गप बसा. त्यांची लेक हाय का ती?"

आधी पुनम लई भांडायची. "माय, दुखत न्हाई गं मला." मग भांडायची थांबली. मला वाटलं, आली बाई अक्कल पोरीला.

दीड महिन्यानं आम्ही मायलेकी पुन्हा नांदेडला गेलो. डॉक्टरनं बूट काढला. पोटरी वाळून काडी झालेली. ते अंगठ्यानं हाड दाबायला लागले तसा मी पदर तोंडात कोंबला. आता किंचाळंल, आता किंचाळंल.

"दुखतंय?"

"न्हाई."

"जुळलं की हाड. उतर खाली, चालून दाखव."

तुळजाभवानीला तिथंच हात जोडले मी. "उतर बाई, उतर!"

पुनमनं टेबलाची कड घट्ट धरली. कपाळावर घाम. पाय अधांतरीच.

"न्हाई माय. मोडंल."

अगदी माझ्याच आवाजात बोलली. मी धरायला धावले तर डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाहेर आले. दार लागलं. आतून पुनमनं टाहो फोडला, "माय, आत ये न! धर न मला!"

धावत जावं वाटलं. कुणी मला धरलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी धरलं न्हाई. चौकटीला धरून उभी राहिले अन् रडत रडत म्हणाले, "मी न्हाई येत, बाई. तूच ये बाहेर."