मुदपाकखान्यातली बाई

माझा किल्ला काही केल्या पडत नव्हता. इतिहासात तो चार महिन्यांच्या वेढ्यानंतर पडला होता. माझ्या कादंबरीत त्याला सात वर्षं झाली होती आणि किल्लेदार अजून बुरुजावर उभा राहून दुर्बिणीतून बघतच होता.

पहिला खर्डा झपाट्याने झाला. घोडं अडलं ते दुरुस्तीत. सकाळी चहा घेऊन टेबलापाशी बसायचो, एक वाक्य वाचायचो, आणि मनात यायचं की तोफ चढावर ओढायला बैल किती लागत असतील? मग तोफा, मग बैल, मग बैलांचे रोग. दुपार व्हायची तेव्हा मला लाळ्या-खुरकुताबद्दल सगळं काही माहीत झालेलं असायचं आणि वाक्य जिथल्या तिथे. भाचीने कौतुकाने फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. फोनला हात न लावता काम केलं की त्यात एक झाड वाढतं, लावला की मरतं. आठवडाभरात माझं तिथे ओसाड माळरान झालं.

त्यात संपादकबाईंचे फोन. त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी येणाऱ्या गृहस्थांना यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पातळ पुस्तकं आवडतात, हे साऱ्या प्रकाशनसंस्थेला ठाऊक होतं. "मी खुर्चीत आहे तोवर द्या," बाई म्हणाल्या, "नंतर तुमचा किल्ला तुम्हीच सांभाळा." म्हणजे सात वर्षं पाण्यात. आणि जाता जाता त्यांनी सांगितलं, "ती मुदपाकखान्यातली बाई काढून टाका. छान आहे, पण तिच्यामुळे काही घडत नाही. नुसती रांधते आणि वाढते. ती गेली की पुस्तक कसं सुटसुटीत होईल."

त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून तर माझा जास्त संताप झाला. किल्ल्याच्या त्या स्वयंपाकघरातली ती एक बाई. वेढा आवळत जातो, धान्य संपत जातं, आणि ती आहे त्यात सगळ्यांचं भागवते. कापायला अगदी सोपी. पण ती कापली तर ताईला काय सांगायचं?

ताई माझी मोठी बहीण. हॉस्पिटलात नर्स होती, आता निवृत्त. आई लवकर गेली, तेव्हापासून आमच्या घरातली शेगडी तिच्याच हातात आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला वाचन बंद होतं आणि दुपारी तिला कादंबरी वाचून दाखवायची असं मीच, नको त्या उत्साहात, कबूल करून बसलो होतो. तिला किल्लेदाराशी देणंघेणं नव्हतं. लढाई आली की ती डुलक्या काढायची. मुदपाकखाना आला की टक्क जागी. आणि वाचून झालं की रोजचा ठरलेला प्रश्न.

"जेवली का रे तुझी ती?"

"आज तिने उरलेल्या कण्यांची पेज केली, ताई. तीनशे माणसांना पुरवली."

"हं," ताई म्हणायची आणि कूस बदलायची.

मला वाटायचं, चिडवतेय. ताईला चिडवायला कारण लागत नाही.

तर मी जे केलं ते असं. संपादकबाईंसाठी एक प्रत केली, तिच्यातून बाई साफ काढून टाकली. आणि दुपारी ताईसमोर तेच कागद धरून, मधेमधे बाईचे प्रसंग तोंडाने घालत गेलो. दोनतीन दिवस जमलं. पण ताईची स्मरणशक्ती वॉर्डात तयार झालेली. "काल तर म्हणालास मीठ संपलं. आज कुठून आलं?" पुढे पुढे मला सकाळीच तिचे प्रसंग लिहूनच ठेवावे लागायला लागले. म्हणजे बघा. जे पुस्तकात ठेवायचं होतं त्याला हात लागत नव्हता, आणि जे पुस्तकात कधीच येणार नव्हतं ते मी रोज पानंच्या पानं लिहीत होतो. बैलांची आठवणसुद्धा होत नव्हती. आपल्या डोक्याचं काय करावं ते मला कळेना.

शेवटी महिना संपायला आला. मी दात-ओठ खाऊन बाई नसलेली प्रत पुरी केली, घरच्या प्रिंटरवर छापली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि प्रिंटरची शाई संपली म्हणून ती आणायला बाहेर पडलो. परत आलो तर ताई टेबलापाशी. नाकावर नवा चष्मा. चष्मा त्या दिवशी मिळणार होता हे मी साफ विसरलो होतो. शेजारच्या काकू तिला घेऊन गेल्या होत्या. निम्मा गठ्ठा डावीकडे उपडा पडला होता.

"ताई, ते अजून कच्चं आहे," मी म्हणालो.

"वाचू दे," ती म्हणाली.

तिने संध्याकाळपर्यंत वाचलं. चहा विचारला नाही, केला नाही. मी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घातल्या, धुतलेले कप परत धुतले. शेवटचं पान ठेवून तिने चष्मा काढला.

"चांगलं झालंय. किल्लेदार जरा जास्तच बोलतो. पण चांगलं झालंय."

"ताई, ती... संपादकबाई म्हणाल्या म्हणून..."

"काढलीस ना तिला? बरं केलंस."

"टोमणा मारतेयस."

"टोमणा कसला? सुटली बिचारी." ताईने कागद सारखे केले. "अरे, एवढ्या वेढ्यात सगळे जेवले. शिपाई जेवले, किल्लेदार जेवला, तो मेला फितूरसुद्धा भरपेट जेवून मग फितुरी करायला गेला. ती कधी जेवली? रोज विचारत होते मी तुला. आणि तू आपला काय शिजलं ते सांगायचास."

मी लेखकाला शोभेल असं काहीतरी म्हणालो.

"ते गृहीत असतं, ताई. वाचकाला कळतं."

"तुला कळलं नाही, वाचकाला कुठून कळणार?" ती हसली. "आणि ती मी आहे हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पळी भांड्याच्या काठावर दोनदा आपटते म्हणे. दुसरं कोण आपटतं या घरात?"

मला प्रचंड राग आला. ताईचा, संपादकबाईंचा, किल्लेदाराचा, आणि त्या सगळ्यांपेक्षा माझा. एवढी पानं लिहिली, त्या बाईच्या हातावरचे चटके लिहिले, तिच्या चुलीतल्या राखेचा रंग लिहिला, आणि तिला एकदाही ताटावर बसवलं नाही. मला ते सुचलंच नव्हतं. खोलीत गेलो, दार लावलं आणि कॉम्प्युटर उघडला.

किल्ला पडलेला आहे. दरवाजे उघडे आहेत, माणसं पांगली आहेत. मुदपाकखान्यात ती एकटीच. ती पातेल्याच्या बुडाशी लागलेलं खरवडून काढते, भिंतीला पाठ टेकून बसते, आणि जेवते. एवढंच. एक पान. ते मी एका बैठकीत लिहिलं. त्या काळी ताट कशाचं असे, ते बघायलासुद्धा उठलो नाही. लिहून होताच, पुन्हा वाचून बिघडवायच्या आत, सगळं संपादकबाईंना पाठवून दिलं.

बाहेर आलो तर ताई शेगडीपाशी जायच्या बेतात होती.

"बस तू," मी म्हणालो. "मी करतो."

"तू?" तिने कपाळाला हात लावला, पण बसली.

मी भात लावला आणि एक भाजी केली. तिचं वर्णन न केलेलंच बरं. आम्ही पानावर बसणार तोच संपादकबाईंचा फोन.

"अहो, शेवटच्या पानावर ही कोण बाई एकदम जेवायला बसलीय? आधी तर कुठेच नाही."

"आधी होती. तुम्हीच काढायला सांगितलीत."

"मग आता परत कशाला आली? तिच्यामुळे काय घडणार आहे?"

"काहीच घडणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "ती जेवणार आहे. तेवढं होऊ द्या. हे पान काढायचं असेल तर पुस्तक परत पाठवा."

सात वर्षं आपण एका पानासाठी घालवली, हे मला ऐन त्या वेळी लख्ख समजलं.

"एकच पान ना?" बाई म्हणाल्या.

"एकच."

"राहू द्या. उद्या छापायला देते. आणि कृपा करून आता दुरुस्त्या पाठवू नका."

मी फोन ठेवला. ताई माझ्याकडे बघत होती.

"काय लिहिलंस ते वाच बघू."

मी पाठवलेलं पान फोनवर उघडून वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती, पण डुलकी काढत नव्हती. संपल्यावर तिने विचारलं, "मध्येच कुणी हाक नाही ना मारत तिला?"

"नाही."

"मग जेवू दे सावकाश."

तिने भाजीचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि नेहमीसारखी उठायला गेली. मग थांबली. परत टेकून बसली.

"मीठ आण आतून," ती म्हणाली.