जानेवारीतला रेनकोट

मी जानेवारीत रेनकोट घालून कामावर जाते म्हणून अख्खं गाव मला हसतं. खुशाल हसो. पारा सात-आठवर उतरलेला, धुक्यात दहा पावलांवरची बाभूळ दिसत नाही, आणि किनकरांची सून निळा रेनकोट चढवून सायकलवर निघालेली. हायवेवरच्या टपरीवाल्याने तर परवा विचारलं, "वहिनी, छत्री नाई आणली का?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारंज्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. करारावर, तिसरं वर्ष. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर लेबलं लावायची, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. मला ते काम आवडतं. त्या खोलीत मला कुणी किनकरांची सून म्हणत नाही, मॅडम म्हणतात. कॉलेज आठला भरतं आणि आमच्या फाट्यावर पहिली एसटी सव्वानऊला येते. मोटरसायकल माझ्या नवऱ्याची, रोशनची. तो दुधाचे कॅन घेऊन तळेगावला जातो, म्हणजे बरोबर माझ्या उलट दिशेला. म्हणून सायकल. दोन किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, आणि मग सात किलोमीटर हायवे, अंगाला चाटून जाणाऱ्या ट्रकांसकट. बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबला की नाही तेही कळत नाही.

पण थंडीचं मला काही नव्हतं. माझा जीव काढला तो पांदणीच्या वळणावरच्या एका नोझलने.

पांदणीला लागून आधी आमचं शेत आहे, मग धुरा, म्हणजे दोन शेतांमधली हद्दीची पट्टी, आणि तिच्या पलीकडे डोमाजी ढोल्यांचं शेत. या धुऱ्यावरून आमचं आणि ढोल्यांचं सहा वर्षं बोलणं बंद आहे. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, सांगतात की डोमाजीनं नांगरता नांगरता दोन हात जागा आपल्याकडे ओढली. डोमाजी नेमकं हेच मामाजींबद्दल सांगतो. दोघांचाही हरभरा उभा, दोघांच्याही शेतात तुषार सिंचनाचे पाइप. या महिन्यात आमच्याकडे शेतीची लाइट रात्री बारा ते सकाळी आठ. पंप ऑटोवर टाकलेले असतात, लाइट आली की आपोआप सुरू होतात. बाकीची नोझलं लोक जागा बदलून बदलून लावतात. धुऱ्याच्या टोकाचं, ढोल्यांच्या बाजूचं हे एकच नोझल नवीन वर्ष लागल्यापासून हललं नव्हतं. टक-टक-टक करत ते पांदणीवर पाणी फेकायचं आणि झर्रकन मागे फिरायचं.

मी सायकल थांबवून ते मागे फिरायची वाट बघायची आणि मग जीव खाऊन पायडल मारायची. तरी अर्धं अंग भिजायचंच. तेही चाललं असतं, पण खाली काळी माती. ओली काळी माती चाकाला धरते आणि मडगार्डात अशी गच्च भरते की चाक फिरतच नाही. मग काडी घेऊन बसा कोरत, भर थंडीत, ओल्या सलवारीत. दोनदा मला त्यापायी उशीर झाला. आठ वाजून चार मिनिटं, आणि दुसऱ्यांदा आठ वाजून सात मिनिटं. त्यात हजेरीचं यंत्र भिजलेला, गारठलेला अंगठा ओळखेना. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकतीस तारखेपर्यंत तिसरा लेट मार्क पडला तर तुमचा करार पुढे वाढणार नाही. नियम सगळ्यांना सारखा." आता एकच उशीर बाकी होता.

त्या दुसऱ्या उशिराच्या आधी एका सकाळी डोमाजी बैल घेऊन वळणावर भेटला होता. मला राहवलं नाही. बोलणं बंद असलं तरी मी सायकल आडवी लावली.

"ते नोझल काऊन लावलं तुम्ही रस्त्यावर? मी रोज भिजून राह्यली."

आमच्याकडे बोलणं बंद म्हणजे बंद. सत्तरीच्या डोमाजीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बैलाशी बोलला. "सांग बा हिले," तो बैलाच्या शिंगावर हात ठेवून म्हणाला, "आपल्या घरचं पाहाय म्हणा आधी." आणि हसला. खालचे दोनच दात शिल्लक असलेलं ते हसू बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला भिजवायचं आणि वर घर सांभाळायची अक्कल शिकवायची.

घरी येऊन मी आरडाओरडा केला. मामाजी चहा बशीत ओतत म्हणाले, "डोम्या हायेच तसा. पंचवीस तारखेले मोजणी हाय ना, होऊ दे. मंग पायतो त्याले." माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, माझी ओली सलवार चुलीजवळ वाळत घालत होत्या. आणि रोशनने दुसऱ्या दिवशी तळेगावच्या बाजारातून रेनकोट आणला. निळा, टोपीवाला. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, लग्नाला आठ वर्षं झाली, न मागता त्यानं काही आणलं की मला अजून बरं वाटतं.

दुसरा लेट मार्क पडला त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट मधुकररावांकडे गेले. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. छापील फॉर्मवर मी एका दमात अर्ज लिहिला: डोमाजी ढोले हे जाणूनबुजून सार्वजनिक रस्त्यावर पाणी सोडून मला त्रास देत आहेत व त्यामुळे माझी नोकरी जाण्याची वेळ आली आहे. मधुकररावांनी तो दोनदा वाचला.

"उद्या सकाळीच येतो पाहाले," ते म्हणाले. "पण कोणाले सांगजो नको. घरीही नाई. गावात गोष्ट फुटली का थो रातीच पाइप उचलते."

मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. रात्रभर मनात डोमाजीचा चेहरा आणून आणून त्याला सुनावत होते.

सकाळी सातला निघाले. धुकं इतकं की वळणावर आधी टक-टक ऐकू आलं आणि मग माणसं दिसली. मधुकरराव माकडटोपीत, आणि सोबत कोतवाल तानबा, हातात काठी. त्यांनी डोमाजीलाही बोलावून घेतलं होतं. तो घोंगडं पांघरून बाजूला उभा होता, थंडीनं कुडकुडत, पण चेहऱ्यावर तेच हसू. मी मनात म्हटलं, हस, अजून पाच मिनिटं हस.

"हे पाहा," मी मधुकररावांना म्हटलं, "पाहून घ्या कसं फेकून राह्यलं थे."

"दिसते, पोरी. तानबा, पाइप कुठून येते थे पाय."

तानबा काठीनं हरभऱ्याची रोपटी बाजूला सारत पाइपाच्या मागे मागे निघाला. मी डोमाजीच्या शेताकडे तोंड करून उभी होते. तानबा तिकडे वळलाच नाही. तो धुऱ्यावरून चार पावलं गेला आणि उजवीकडे, आमच्या शेतात शिरला. मला वाटलं धुक्यात चुकला. मी ओरडले, "तानबाभाऊ, तिकडं नाई, इकडं!"

"इकडंच जाते ना पाइप," तो म्हणाला. मग वाकला, पाइपावरचा चिखल हातानं पुसला. "इथं काही लिहेल हाय. वयनी, तुम्हीच वाचा."

मी सायकल टाकून गेले. चोरी होऊ नये म्हणून लोक पाइपांवर ऑइलपेंटनं नावं घालतात. काळ्या पाइपावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, "चं. कि." चंद्रभान किनकर, म्हणजे मामाजी. दिवाळीनंतर मामाजींनी मला सांगून नवे पाइप रंगवून घेतले होते, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. त्या 'कि'ची वेलांटी मीच ओढली होती. मी तिथेच चिखलात उभी राहिले आणि मागून येऊन नोझलनं मला सपकन भिजवलं.

एवढ्यात विहिरीकडून मामाजी आले. गडबड ऐकून आले असणार. मधुकररावांनी त्यांना आधी पंप बंद करायला लावला. मग विचारलं, "चंद्रभान, हे नोझल तुह्यं?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं, मग डोमाजीकडे. "मंग? धुऱ्यावर हरभरा पेरला आमी. मोजणीवाले येईस्तोर हिरवा राह्यला पायजे. पीक उभं दिसलं का कबजा कोणाचा थे दिसते. रस्त्यावर थोडं उडते, त्याले काय करता?"

"आणि मी?" मी विचारलं. "मामाजी, मी रोज तुमच्यासमोर बसून डोमाजीले शिव्या देत होती. तुम्ही हो म्हणत होते."

"तुह्यं काय, दोन मिनिटाचं पाणी थे. आमची जमीन चालली का तुह्यी?"

डोमाजी तानबाकडे तोंड करून म्हणाला, "सांग म्हणा हिले. म्या तं पयलेच सांगितलं होतं का आपल्या घरचं पाहाय. मले मालूम होतं पयल्या दिवसापासून. मी काऊन सांगू? पाणी ह्यायच्या घरचं, भिजते ह्यायचीच सून. मले तं मजा येत होती पाहाले." आणि तो खरोखर पोट धरून हसला. तो चांगला माणूस निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि तो निघालाही नाही.

तेवढ्यात रोशनची मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. तो उतरला. सगळ्यांचे चेहरे बघून त्याला समजलंच.

"तुमाले मालूम होतं?" मी विचारलं.

"मोजणीपर्यंतच होतं ना," रोशन म्हणाला. "तुले सांगितलं असतं तं तू बाबाशी भांडली असती. घरात कटकट नको म्हणून..."

"माही नोकरी जाऊन राह्यली, हे मालूम होतं का?"

तो मान खाली घालून कॅनचं झाकण उगाच दाबून बघत राहिला. "म्हणून तं रेनकोट आणला," तो म्हणाला. "तुले थंडी लागू नये म्हणून."

त्याला वाटत होतं की हे चांगलं उत्तर आहे. माझ्या अंगावर तोच रेनकोट होता, त्यावरून पाणी निथळत होतं. मला रडू आलं नाही, राग आला. डोमाजीवर आला होता त्याच्या दसपट आला. डोमाजी निदान उघड वैरी होता. मी आठ वर्षं ज्यांच्या भाकरी थापल्या ते रोज संध्याकाळी माझ्या ओल्या कपड्यांकडे बघत होते आणि बशीतला चहा फुंकत होते.

मी मोबाइल पाहिला. पावणेआठ होऊन गेले होते. सायकल चिखलात लोळत होती, दोन्ही चाकं गच्च. ती कोरून काढून नऊ किलोमीटर जायचं म्हणजे साडेआठच्या आत पोचत नाही, आणि कॅन उतरवून रोशनची मोटरसायकल काढली तरी या धुक्यात आठ गाठणं शक्य नव्हतं. तिसरा लेट मार्क पडलाच होता, फक्त यंत्राला तो अजून कळायचा होता. म्हणजे प्रयोगशाळा संपली. नळ्या, लेबलं, मॅडम, सगळं या दोन हात पट्टीत गेलं.

मधुकरराव घसा खाकरून म्हणाले, "चाल पोरी, झालं गेलं. घरचा मामला हाय. डोमाजीचा काही दोष नाई दिसत, तं हा अर्ज फाडून टाकू. चंद्रभान, तू नोझल हटव. मिटलं."

त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडू नका," मी म्हटलं. "पेन द्या."

अर्ज मी सायकलच्या सीटवर ठेवला. पेनातली शाई थंडीनं उतरेना, तळहातावर घासून घासून आणावी लागली. 'डोमाजी ढोले' वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, चंद्रभान किनकर.

मामाजी पुढे आले. "सासऱ्याच्या नावानं कागद करून राह्यली? गावासमोर? रोशन, पायतो का तू?"

रोशन पायत होता. मी त्याच्याकडे बघत पुढे लिहिलं, व रोशन चंद्रभान किनकर. तो म्हणाला, "सुरभी, असं नको करू," आणि माझ्या हातातला कागद घ्यायला हात पुढे केला. मी कागद मधुकररावांच्या हातात दिला.

डोमाजीचं हसणं थांबलं होतं. मधुकररावांनी अर्ज डोळ्यांजवळ धरून वाचला, वरपासून खालपर्यंत. खाली एक छापील रकाना होता, सामनेवाल्याशी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्याशी, नातं. आदल्या संध्याकाळी, डोमाजीचं नाव वर असताना, मी तिथे 'काहीही नाही' असं लिहिलं होतं.

"मंग हेही बदलावं लागते ना पोरी," मधुकरराव हळूच म्हणाले आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

मी पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्यांच्या खिशाला अडकवलं.

"नाई," मी म्हटलं. "थे बरोबर हाय."