खिळ्यावरचा जर्मनचा गिलास

पाहुणे यायचे म्हटले की आपण काय करतो? फुटकी बादली पलंगाखाली ढकलतो, ओल आलेल्या भिंतीवर कॅलेंडर लावतो आणि मग हसत हसत दार उघडतो. घराचं ठीक आहे हो! पण एखाद्या गल्लीनं आपला इतिहास मांडायला घेतला आणि त्यातही अशीच ढकलाढकल केली तर? सुरतेतल्या लिंबायतच्या कांडीगल्लीत त्या रविवारी सकाळी नेमकं हेच चाललं होतं, आणि ढकलणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होते वाल्मिक आप्पा.

आप्पा पासष्टीचे. धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. सगळी हयात याच गल्लीतल्या पॉवरलूमवर गेली. गल्लीतला शेवटचा जुना कारखाना बंद पडला तेव्हा त्यांची लेक जयश्री, जी शाळेत शिक्षिका आहे, तिनं हट्ट धरला. म्हणाली, "आप्पा, उद्या इथं नुसती गोदामं होतील. या गल्लीत माणसं लूम चालवून जगली, हे कोणाला सांगून पटायचं नाही." गल्लीच्या मंडळाच्या मागे लागून तिनं त्या कारखान्याची पुढची खोली मिळवली. एक जुना लूम तिथंच होता, तो पुसून घेतला. मग घरोघर फिरून जेवणाचे डबे, हजेरीची कार्डं, लग्नाचे फोटो, पत्र्याच्या ट्रंका असं काय काय जमवलं आणि प्रत्येक वस्तूखाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. झालं गल्लीचं संग्रहालय! अकरा वाजता उद्घाटन होतं. शाळेची मुलं यायची होती, गोडादऱ्याला आणि भेस्तानला राहायला गेलेली जुनी मंडळी यायची होती.

आणि साडेनऊ वाजता आप्पांच्या झब्ब्याच्या खिशात एक गिलास होता. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. जागोजागी चेपलेला, काठाला भोक पाडलेला. तो काचेच्या कपाटात असायला हवा होता.

झालं होतं असं. आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष छगनभाऊ पाहणीला आले. सगळं बघून खूश झाले, आणि त्या गिलासापाशी येऊन थबकले. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'कारखान्यात आतला माठ सगळ्यांसाठी नव्हता. बौद्ध कामगारांसाठी मागच्या भिंतीशी, संडासाजवळ, वेगळा माठ असे. हा गिलास तिथं खिळ्याला टांगलेला असे. देणार: रंभाबाई श्रीपत बैसाणे.'

"हे काय गं पोरी?" छगनभाऊंचा चेहरा उतरला. "आपली गल्ली म्हणजे एकोप्याची गल्ली. हे गेलेलं कशाला उकरून काढायचं?"

"मी कुठं उकरलं, भाऊ?" जयश्री म्हणाली. "त्यांच्या घरात ते जपून ठेवलेलं होतं. मी नुसतं मांडलं."

भाऊ तिच्याशी वाद घालत बसले नाहीत. आप्पांना त्यांनी बाहेर ओट्यावर नेलं आणि खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "उद्या माठाचा विषय निघाला, की आतला माठ कोणी फोडला तेही पोरं विचारतील. काय सांगशील वाल्मिक?"

बेचाळीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. वैशाखाचे दिवस, वर पत्रे तापलेले. मागचा माठ कोरडा पडलेला. रंभाबाईंचा नवरा श्रीपत लूम सोडून आला, आतल्या माठात त्यानं ओगराळं बुडवलं आणि घटाघटा पाणी प्यायला. दुसऱ्या पाळीसाठी आलेला तरणाबांड वाल्मिक दारातच उभा होता. "बाटवलास!" म्हणून तो ओरडला. भरला माठ त्यानं उचलला आणि श्रीपतच्या पायापाशी आपटला. पन्नास माणसं बघत होती. कोणी ब्र काढला नाही. श्रीपत ओल्या पायांनी परत आपल्या लूमवर गेला.

हे जयश्रीला माहीत नव्हतं. बाप म्हणजे देवमाणूस, असं ती चारचौघांत सांगायची. ते देवपण जाईल, या एका धास्तीनं आप्पांनी सकाळी कपाट उघडलं, गिलास खिशात घातला आणि चिठ्ठी चुरगळून त्याच्यात कोंबली.

दहा वाजता जयश्रीच्या लक्षात आलं.

"आप्पा, गिलास कुठाय?"

"कोणता?" आप्पा म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"रंभाबाईंचा! आत्ता इथं होता. कुलूपही उघडं आहे."

शोधाशोध सुरू झाली. टेबलाखाली बघितलं, लूमखाली बघितलं. बघता बघता दारात गर्दी जमली. आणि नेमक्या त्याच वेळी रंभाबाई आणि श्रीपत येऊन पोचले. रंभाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, खांद्याला कापडी पिशवी. श्रीपतनी पांढराशुभ्र सदरा घातला होता. लूमच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेलेले, त्यामुळे कोण काय बोलतंय हे त्यांना कळत नव्हतं. ते आपले सगळ्यांकडे बघून मान डोलावत होते.

"रंभाबाई," छगनभाऊंनी गोड आवाजात विचारलं, "गिलास तुम्हीच परत नेला असेल, नाही का? शेवटी वाटलं असेल, नको ही चव्हाट्यावरची गोष्ट."

"मी? मी आत्ता पाय टाकतेय इथं!"

"मग पिशवीत बघा ना एकदा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "बघायला काय जातंय?"

रंभाबाईंनी पिशवी छातीशी धरली. सत्तरीच्या त्या बाईचा चेहरा लाल झाला. "ज्यांनी वस्तू दिली त्यांचीच झडती घेता? घ्या! घ्या बाबांनो!" आणि त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, रुमाल, औषधाची पट्टी आणि मुलांना वाटायला आणलेली लिमलेटची पुडी. बस्स.

जयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आप्पा? आप्पा लूमला टेकून उभे होते. खिशातला गिलास मांडीला टोचत होता. 'बोल, आत्ता बोल,' मन सांगत होतं, आणि जीभ काही उचलत नव्हती. अरे, एवढा मोठा माणूस, आणि एका चेपलेल्या गिलासापुढे त्याची ही गत!

तेवढ्यात शाळेची मुलं रांगेनं आत आली. लूमवर दोरा कसा भरतात हे श्रीपतनी मुलांना दाखवावं, असं जयश्रीनं आधीच ठरवलं होतं. दारातल्या गर्दीत मागे राहिलेल्या श्रीपतना आतला गोंधळ कळलाच नव्हता. मुलं दिसली तसे ते खुलले, लूमपाशी गेले आणि धोटा उचलला.

धोटा म्हणजे लाकडी होडीसारखी वस्तू. आत सुताची कांडी बसवायची आणि दोऱ्याचं टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. सुई नाही, चिमटा नाही. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, की दोरा सुळकन तोंडात येतो. जुने कामगार दिवसातून शंभरदा हे करायचे. पाळी बदलताना तर रिवाजच होता: जाणाऱ्यानं धोटा भरून येणाऱ्याच्या हातात द्यायचा, आणि येणाऱ्यानं स्वतः एकदा ओढून बघायचा, दोरा मोकळा येतो की नाही.

श्रीपतनी कांडी बसवली, भोकाला ओठ लावले, दोरा ओढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी शेजारी उभ्या आप्पांकडे बघितलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "घे वाल्मिक, तुझी पाळी!"

आप्पांचा हात आपोआप पुढे झाला. वीस वर्षं दोघांनी एकाच लूमवर आळीपाळीनं पाळ्या केलेल्या, हाताला दुसरं माहीतच नव्हतं. त्यांनी धोटा घेतला, ओठांना लावला आणि श्वास ओढला.

"ओला लागला का, भाऊ?" रंभाबाईंनी विचारलं.

आप्पा धोटा ओठांशी धरून तसेच थांबले.

"ह्यांच्या तोंडचा आहे तो," रंभाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "तेव्हाही ह्यांच्याच तोंडचा असायचा. रोज घ्यायचात, रोज तोंडाला लावायचात. ज्या दिवशी माठ फोडलात, त्या दिवशीसुद्धा दहा मिनिटांनी पाळी बदलली, आणि ह्यांच्याच हातचा धोटा घेऊन तुम्ही लूम चालू केलात. घरी येऊन सांगितलं मला ह्यांनी. मला एवढंच सांगा भाऊ, धोटा कसा बाटला नाही? की धोट्याला तोंड लावल्याशिवाय तुमचं पोट भरत नव्हतं, म्हणून तो चालला?"

अरे देवा! बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षांत ही गोष्ट आप्पांच्या एकदाही मनात आली नव्हती. माठ आठवायचा, आवाज आठवायचा, धोटा मात्र कधीच आठवला नव्हता. ज्या तोंडचं पाणी त्यांना चाललं नाही, त्याच तोंडचा दोरा ओढून त्यांनी लेकरं वाढवली होती, जयश्रीला शिकवलं होतं.

"माठ?" जयश्री वडिलांकडे वळली. "आप्पा, कोणता माठ?"

"मी फोडला," आप्पा म्हणाले. आणि खिशात हात घालून त्यांनी गिलास काढला, सगळ्यांच्या देखत लूमवर ठेवला. "हाही मीच चोरला. ह्या माउलीची झडती होत होती आणि मी मेला उभा राहून बघत होतो."

"वाल्मिक, अक्कल गहाण ठेवलीस काय?" छगनभाऊ पुढे झाले. "गल्लीची अब्रू जाईल! मंडळ ही खोली बंद करेल, सांगून ठेवतो."

"करा बंद! मी हा गिलास घेऊन ओट्यावर बसेन आणि येईल त्याला सांगेन. अब्रू माठ फोडला तेव्हाच गेली, भाऊ. तुम्ही तेव्हा तिथंच होतात, खाली मान घालून." छगनभाऊ गर्दीत मागे सरले.

आप्पांनी चुरगळलेली चिठ्ठी लेकीच्या हातात दिली. "ही फाड आणि नवी लिही. माठ कोणी फोडला ते नावासकट लिही."

जयश्रीनं जुनी चिठ्ठी फाडली. मग तिनं कागद घेतला. माठ फोडणाऱ्याच्या जागी तिनं बापाचं नाव लिहिलं. आप्पा श्रीपतपुढे गेले, हात जोडले आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "श्रीपत, आम्ही माठाचं लिहितोय! तुला काय लिहायचंय?"

माफ केलं असं श्रीपत म्हणाले नाहीत, आणि आप्पांनी ते मागितलंही नाही.

"मला तहान लागली होती," ते म्हणाले. "तेवढं लिहा."

त्यांच्या नावानं तेवढंच लिहिलं. आज कांडीगल्लीच्या संग्रहालयात त्या गिलासाखाली ती चिठ्ठी आहे, वाल्मिक आप्पांच्या नावासकट. येणाऱ्याला ती वाचून दाखवायला आप्पा स्वतः उभे असतात. वाचताना त्यांचा आवाज अजूनही अडखळतो, तरी ते दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत.

वाचकहो, इतिहास मांडायचा तर आपली लाजही मांडावी लागते, आणि ज्यानं चूक केली त्यानंच ती मांडली तर ऐकणाऱ्याला खरी वाटते. पण आपलं काम एवढ्यावर संपत नाही. आज आपल्या स्वयंपाकघरात जा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी, कचरा न्यायला येणाऱ्या भाऊंसाठी एखादा कप वेगळा, मागच्या फळीवर ठेवलेला आहे का, ते बघा. असेल, तर ती वस्तू आजच्या घरात शोभणारी नाही. तिची जागा संग्रहालयात आहे!